कार्पेटच्या कडेची काळी रेघ

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही पर्वरीला महामार्गाला लागूनच राहतो. दुसरा मजला, खाली स्टिल्ट पार्किंग. फ्लॅट घेतला तेव्हाच बेडरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत फिकट बदामी कार्पेट घातलेलं होतं. आता त्याच्या कडेनं, भिंतीला लागून, बोटभर रुंदीची काळपट रेघ उमटली आहे. दाराखाली तर ती ठळकच दिसते. झाडून झालं, व्हॅक्युम करून झालं, शाम्पूही लावून पाहिला, रेघ हलत नाही. उड्डाणपुलाच्या कामाची धूळ असणार, असं आमचे हे म्हणतात. सासूबाई म्हणतात बुरशी. कामवाली म्हणते, मी रोज कोपऱ्याकोपऱ्यातून झाडते. गणेश चवथीला आम्ही गावच्या घरी जातो, पण त्याआधी नणंद इथे राहायला येणार आहे. तोवर रेघ जाईल का?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : कामवालीला आधी आरोपातून मोकळं करा. झाडू पोचला नाही म्हणून ही रेघ आलेली नाही, ती हवेनं ओढलेली आहे. बंद दाराखालच्या फटीतून, स्कर्टिंग आणि फरशीच्या मधल्या चिरेतून हवा सतत ये-जा करत असते. वाटेत कार्पेटचे धागे आले की ते गाळणीचं काम करतात. हवा पुढे निघून जाते, तिच्यातली काजळी धाग्यांत अडकते. माझी उमेदीची वर्षं हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये गेली. तिथे याला फिल्ट्रेशन सॉइलिंग म्हणत. कॉरिडॉरच्या कार्पेटवर खोल्यांच्या दारांपाशी नेमक्या अशाच रेघा असायच्या, आणि नवा मॅनेजर आला की पहिला ओरडा आमच्या पोरांनाच बसायचा.

तुमच्या ह्यांचा तर्क निम्मा बरोबर आहे. पुलाच्या कामाची धूळ जाड असते. ती बाल्कनीत, खिडकीच्या चौकटीवर, पडद्यांवर बसते. त्यात आपल्याकडची माती जांभ्याची, म्हणजे धुळीला तांबूस झाक असणार. अशी धूळ व्हॅक्युमनं निघते. तुमची रेघ काळी आहे, तांबडी नाही. ती गाड्यांच्या धुराची, तळणाच्या वाफेची, अगरबत्ती, धूप, मेणबत्ती आणि डासांच्या कॉइलची. धुराचे बहुतेक कण २.५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. शिवाय हे कण तेलकट, एकदा धाग्याला चिकटले की सोडत नाहीत.

सासूबाईंची शंका पावसाळ्यात रास्तच म्हणायची. गुडघ्यावर बसा आणि कार्पेटला नाक लावून वास घ्या. बुरशी असेल तर कुबट वास येईल, डाग गोलसर आणि विखुरलेले असतील, हाताला ओल लागेल. तसं असेल तर भिंतीत पाणी झिरपतंय का ते आधी बघा, कार्पेट नंतर. रेघ सरळ, कोरडी आणि बिनवासाची असेल तर हवाच.

खात्री करायची असेल तर टिश्यू पेपरची बोटभर लांब, अगदी बारीक पट्टी कापा. बेडरूमचं दार लावून घ्या, महामार्गाकडची खिडकी किंचित उघडी ठेवा आणि स्वयंपाकघरातली चिमणी पूर्ण जोरात चालू करा. आता पट्टी दाराखालच्या फटीशी धरा. ती पॅसेजच्या दिशेला ओढली जाईल. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. ती तुमच्या खिडकीतून येते आणि बेडरूमच्या दाराखालून स्वयंपाकघराकडे जाते. मग तीच पट्टी स्कर्टिंगच्या कडेकडेनं फिरवा. बाहेरची भिंत आणि एसीचा पाइप भिंतीतून जातो ती जागा नीट बघा. पट्टी थरथरेल तिथेच रेघ जास्त काळी सापडेल. या कामाला अगरबत्ती वापरायला पुष्कळ जण सांगतात. कार्पेटवर ठिणगी पडली तर भोक पडेल, आणि आपण काजळीच तर काढायला निघालोय.

आता सफाई. आधी कार्पेट कशाचं आहे ते ओळखा. कपाटामागून एक धागा कापून घ्या, साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवा आणि बोटांनी हवेचे बुडबुडे दाबून काढा. धागा तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन, पॉलिएस्टर आणि लोकर तळाशी जातात. बुडाला तर धागा वाळवा, चिमट्यात धरून सिंकवर काडीनं पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि चुरडणारी राख झाली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. तुमचं पॉलिप्रॉपिलीन निघालं तर एक वाईट बातमी आहे: त्या धाग्याला तेल फार आवडतं. पण त्याचा रंग बहुधा पक्का असतो, त्यामुळे थोडा जोर चालतो.

लक्षात घ्या, काजळी म्हणजे कोळसा. ती पाण्यात विरघळत नाही की स्पिरिटमध्ये. विरघळतं ते तिला धरून ठेवणारं तेल. तेल सुटलं की कण मोकळे होतात, आणि ते तिथल्या तिथे उचलून घ्यावे लागतात. तुमच्या शाम्पूनं काही झालं नाही ते यामुळेच. तो लावला, चोळला आणि तिथेच वाळला. वर त्याचा चिकट थर राहिला, ज्यावर नवी काजळी आणखी झटकन बसते.

सगळं कोरडं असतानाच व्हॅक्युमचं चिंचोळं तोंड कडेनं सावकाश फिरवा, दोन्ही दिशांनी. आधी पाणी लागलं तर काजळीचा चिखल होतो. मग औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मी स्पिरिट म्हणते ते हेच. कपाटामागच्या कोपऱ्यात थोडं लावून पांढऱ्या फडक्यानं दाबा. फडक्याला कार्पेटचा रंग लागला तर तिथेच थांबा. नाही लागला तर खिडक्या उघडा, गॅस बंद ठेवा आणि फडकं ओलं करून रेघेवर दाबत जा. बाटली कार्पेटवर ओतू नका. स्पिरिट खाली मुरलं तर पाठीचा डिंक सैल होतो.

मग एक कप कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा पाव चमचा. याहून जास्त नको, फेस बघायला आपण बसलेलो नाही. नखं घासायच्या मऊ ब्रशनं वीतभर जागा घ्या, धाग्याच्या उभ्या दिशेनं हळू हलवा आणि लगेच जुन्या धोतराच्या तुकड्यानं टिपा. फडक्यावर राखाडी डाग उतरेल. दर वेळी फडक्याची स्वच्छ घडी पुढे घ्या, नाहीतर काढलेलं परत लावून याल. राखाडी यायचं थांबलं की एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी असं मिश्रण फडक्यानं लावून साबण काढा, वर साधं पाणी, आणि कोरडं टिपा. खायचा सोडा घालावा का असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. सोड्यानं वास जातो, काजळी नाही. शिवाय तो स्कर्टिंगखाली जाऊन बसतो.

सगळ्यात मोठी अडचण नणंदेची नाही, पावसाची आहे. चवथ ऐन दमट दिवसांत. कार्पेट भिजवलंत तर ते आठवडाभर वाळणार नाही, आणि मग सासूबाईंची बुरशी खरीच येईल. म्हणून आत्ता फक्त दाराखालची पट्टी करा, पाणी कमीत कमी वापरा, लगेच पंखा लावा आणि एसी ड्राय मोडवर ठेवा. बाकीच्या भिंती पाऊस गेल्यावर. एवढ्यानं रेघ फिकी होईल. जुनी असेल तर पुसट सावली राहीलच. ‘पूर्ण घालवून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला आगाऊ पैसे देऊ नका.

आणि फटी बुजवल्या नाहीत तर केलेलं सगळं पाण्यात. कड खडखडीत वाळली की स्कर्टिंगच्या खाली आणि वर ॲक्रिलिक सीलंट भरा. हार्डवेअरच्या दुकानात ट्यूब आणि गन दोन्ही मिळतात. सिलिकॉन घेऊ नका, त्यावर रंग बसत नाही. एसीच्या पाइपभोवतीचं भोक तर हमखास उघडं असतं, मिस्त्रीनं वरून टोपी लावून सोडून दिलेलं. दाराखाली ब्रशची पट्टी लावा. त्याहून सोपं म्हणजे चिमणी चालू असताना स्वयंपाकघराचीच एक खिडकी उघडी ठेवा, म्हणजे हवा बेडरूममधून ओढली जाणार नाही. सावली फारच डोळ्यात खुपली तर हॉटेलातली युक्ती सांगते: स्कर्टिंगच्या पायाशी अर्ध्या इंचाची लाकडी बीडिंग ठोकून घ्या. निम्मी रेघ तिच्याखाली जाते, वर फटही झाकली जाते.

प्रश्न : सासऱ्यांनी काश्मीरहून आणलेला हातविणीचा गालिचा आमच्या हॉलमध्ये असतो. बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, दाराकडची त्याची कड काळवंडली आहे. मैत्रीण म्हणते, पाण्यात थोडं ब्लीच घाल.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मैत्रिणीला चहा पाजा, ब्लीच मात्र बाथरूममध्येच राहू द्या. ब्लीच लोकर आणि रेशीम दोन्ही खातं. आधी पिवळं पाडतं, मग धागाच विरघळवतं. वर लिहिलेलं स्पिरिटही तुमच्यासाठी नाही, हातविणीचे रंग फुटू शकतात. सुट्या गालिच्याची दाराकडची कड बहुतेक पायांनीच मळते. स्वच्छ चादरीवर गालिचा पालथा घाला आणि पाठीवर तळहातानं थापट्या मारा. किती रेती पडते बघून तुम्हीच चकित व्हाल. ती रेतीच गाठी कापत असते. मग गालिचा फिरवून ती कड आतल्या बाजूला घ्या. धुवायचाच असेल तर दिवाळीनंतर, हातविणीचे गालिचे धुणाऱ्या जाणकाराकडून. पावसाळ्यात गुंडाळून ठेवणार असाल तर प्लास्टिकमध्ये नको, सुती चादरीत.

प्रश्न : म्हापशातला माझा फ्लॅट भाडेकरूनं सोडला. कार्पेटच्या कडा सगळीकडे काळ्या. डिपॉझिटमधून कापू का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : कापू नका. तुम्ही स्वतः तिथे राहिला असता तरी त्या कडा काळ्या झाल्या असत्या. फटी तुमच्या घराच्या आहेत. भाडेकरू रोज रात्री दार लावून कॉइल पेटवत असेल तर काळेपणा लवकर आला असेल, पण डास काही त्यानं आणले नव्हते. मला विचाराल तर आपल्या हवेत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट हा हौसेचा भुर्दंड आहे. एक कोपरा उचलून खाली काय आहे ते बघा. चांगली फरशी असेल तर कार्पेट काढूनच टाका. हातभर रुंदीच्या पट्ट्या कापून गुंडाळत जा, म्हणजे एकट्या माणसालाही जमतं. कडेच्या लाकडी पट्टीला उलटे खिळे असतात, तेव्हा जाड हातमोजे घाला. फरशीवर राहिलेला डिंक प्लास्टिकच्या खरवडणीनं काढा, लोखंडी सुरीनं फरशीवर ओरखडे उठतात.