अनारसे नंतर, आधी फाइल

प्रश्न : बाई, मी कराडजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत दहा वर्षं विज्ञान शिकवते. बी.एस्सी., बी.एड. आहे. पुण्यात मुलाखत झाली आणि शारजातल्या एका भारतीय शाळेत निवड झाल्याचं एजंटने कळवलं. पगार 3,200 दिरहम, एप्रिलमध्ये हजर व्हायचं आहे. एजंट दीड लाख मागतोय. ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून मिळेल,’ असं म्हणतो. यजमानांचं इथे दुकान आहे, सासूबाई आहेत, मुलगी सहा वर्षांची आहे. काय तयारी करू? बॅगेत काय काय न्यावं, तेही सांगा.
– एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : तुम्ही बॅग शेवटी विचारलीत, बरं केलंत. मी 1999 साली तिकडे शाळेत शिकवायला गेले तेव्हा उलटं केलं होतं. आईने महिनाभर आधी चिवडा केला आणि पदवीचं प्रमाणपत्र मात्र माझ्याकडे नव्हतंच. गुणपत्रकं होती. पदवीदान समारंभाला कोण जातंय, म्हणून प्रमाणपत्र विद्यापीठातून कधी आणलंच नव्हतं.

पण आधी तुमचा एजंट. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर असते. त्यात याचं नाव शोधा. असलं, तरी त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दीड लाख कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. शिवाय 2022 पासून अमिरातीत जो कामगार कायदा लागू आहे, त्यात भरतीचा खर्च मालकाने करायचा आहे, तो कामगाराकडून वसूल करायचा नाही. ‘व्हिजिट’वर जाऊन शिकवणं तिथे बेकायदा आहे. पकडलं तर दंड, आणि पगार अडला तर तक्रार करायला हातात कागद नाही. शाळेला तुम्ही खरंच हव्या असाल तर ती एम्प्लॉयमेंट व्हिसा काढेल. शाळेच्या कार्यालयात स्वतः फोन करा आणि पीआरओशी बोला. तिकडे व्हिसाची सगळी कामं पाहणारा माणूस म्हणजे पीआरओ. मुख्याध्यापकांपेक्षा त्याच्याशी ओळख असलेली बरी!

आता फाइल. पदवी आणि बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं अटेस्ट करावी लागतात. आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा आणि शेवटी तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. पुष्कळ देशांना ‘अपॉस्टिल’चा, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय कराराने ठरलेला, एकच शिक्का पुरतो. अमिराती त्या करारात नाही, म्हणून ही वरात. यात आठवडे जातात, तेव्हा एप्रिलचं काम मार्चमध्ये काढू नका. शिक्के मूळ कागदाच्या पाठीवर बसतात. प्रमाणपत्रांना कुणी हौसेने लॅमिनेशन करून ठेवलं असेल (आपल्याकडे ठेवतातच), तर ते काढण्याच्या फंदात घरी पडू नका. विद्यापीठातून दुसरी प्रत मागवा.

नावाचं नीट बघा. माझी पदवी माहेरच्या नावाची, बी.एड. सासरच्या, पासपोर्टही सासरच्या. आपल्या लेखी यात काही विशेष नाही, पण तिथल्या खिडकीतल्या माणसाला मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली बाई म्हणजे दुसरीच बाई वाटते. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नाव बदलाची नोंद, दोन्ही काढून ठेवा. पुढे मुलीला, यजमानांना न्यायचं ठरलं तर लग्नाचा आणि जन्माचा दाखलाही अटेस्ट करावा लागेल, तो याच फेरीत टाका. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो.

3,200 हा आकडा मला अर्धवट वाटतो. यात बेसिक किती? नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर निघते. पहिली पाच वर्षं, दर वर्षामागे 21 दिवसांचं बेसिक. बेसिक 1,500 असेल तर वर्षाला 1,050 दिरहम, 2,400 असेल तर 1,680. काही शाळा बेसिक मुद्दाम लहान ठेवून बाकी भत्त्यांत दाखवतात. राहायची जागा शाळा देते की भाडं तुमचं? भाडं तुमचं असेल तर 3,200 मध्ये स्वतंत्र घर विसरा, दुसऱ्या शिक्षिकांबरोबर शेअरिंगमध्येच राहावं लागेल. आणखी एक प्रश्न नवे लोक विचारायला लाजतात : पहिल्या वर्षी जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार मिळतो का? एप्रिलमध्ये लागलेल्या माणसाला हे आधी कळलेलं बरं. सगळं लेखी घ्या. सही करताना तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर आणि शाळेचं पत्र शेजारी ठेवून आकडे जुळवा. आमच्या वेळी शाळेने पहिल्याच दिवशी पासपोर्ट काढून घेतले आणि आम्ही मुकाट दिले. आता मालकाने ते ठेवायला मनाई आहे. तुम्ही देऊ नका.

बँकेचं थोडक्यात : तिकडे नोकरीला गेलात की इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं, आणि पगार पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) उघडायचं. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं.

आता बॅग. खसखस नेऊ नका. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, ती अमली पदार्थांत मोजतात. म्हणजे अनारसे गेले, करंजीचं सारण गेलं, आणि गोड्या मसाल्यात घरी काय पडतं ते सासूबाईंना विचारून घ्या. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवाळीला आलेला अनारशांचा डबा मी शेजाऱ्यांकडे नेला, तर त्या मल्याळी बाईंनी दार लावून घेऊन मला समजावलं. आम्ही दोघींनी उभ्या उभ्या सगळे संपवले, पुरावा शिल्लक नको म्हणून. विड्याची पानंही नकोत. कोडीनचं खोकल्याचं औषध नको. नेहमीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. बाकी डाळ-तांदूळ-पोहे सगळं मिळतं, ओझं वाहू नका. साड्या चालतात, ड्रेस चालतात. एक शाल न्या, कारण बाहेर भट्टी असली तरी वर्गातला एसी हाडं गोठवतो. दातांचं काम इथेच उरकून घ्या, चष्म्याची दुसरी जोडी करून ठेवा.

मुलीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ती आहे. माझं मत, पहिले काही महिने एकट्या जा. जागा बघा, शाळा बघा, सहकाऱ्यांच्या मुलांना फी किती माफ आहे ते लेखी घ्या, मग तिला न्यायचं की नाही ते ठरवा. जुलैत तर याल. लोक बोलतील. माझ्याबद्दलही बोलले होते, आणि पुढे त्यांच्याच सुनांच्या अर्जांबद्दल विचारायला आले.

तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. बोटिम नावाचं अ‍ॅप चालतं. निघायच्या आधी ते सासूबाईंच्या फोनवर टाका आणि घरातल्या घरात, या खोलीतून त्या खोलीत, चार दिवस त्यांना कॉल करून बघा. शारजात तीन वाजता कराडात साडेचार वाजलेले असतात. शाळेची बस तुम्हाला घरी सोडेल तेव्हा मुलगी शाळेतून येऊन दूध पीत असेल. त्याच वेळी लावा.