आईचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन महिन्याभरावर आलंय. आधी काय तयारी करावी आणि नंतर काय सांभाळावं?

तयारी आजपासूनच सुरू करा. मांडीचे स्नायू जितके बळकट, तितकं नंतर सोपं. पाय सरळ ठेवून गुडघा गादीवर दाबायचा, पाच मोजायचं, सोडायचं. साखर आटोक्यात हवी. दात किडला असेल, लघवीला जळजळ असेल तर आधीच उपचार करून घ्या, कारण तो जंतुसंसर्ग नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सर्जनना सांगाच. घरातली पायपुसणी उचला, भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची आणा.

ऑपरेशननंतर बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. खरी परीक्षा घरी आल्यावर. बरं वाटतं म्हणून प्रेमळ नातेवाईक गुडघ्याखाली उशी सरकवतात. ती काढा, नाहीतर गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी टाचेखाली. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक गोळी दिली (डॉक्टरांनी लिहून दिलेलीच) तर कुरकुर कमी होते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

सूज काही महिने राहते, घाबरू नका. पण पोटरी दुखून सुजली, जखमेतून पू आला किंवा ताप चढला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली तर थेट हॉस्पिटल गाठा.