दिसला तं दिसला! फिनॉमेनॉलॉजीला मराठीत काय म्हणायचं?

एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे, तो असा की त्या एमएला तत्त्वज्ञान घेऊन बसल्यात, गावाकडच्याच कॉलेजात, आणि फिनॉमेनॉलॉजी (म्हणजे गोष्टी आपल्याला कशा दिसतात, जाणवतात ते नीट पाहून सांगायची तत्त्वज्ञानातली पद्धत) या शब्दाला त्यांना तीन ठिकाणी तीन मराठी शब्द सापडले, घटनाविज्ञान, प्रतिभासशास्त्र आणि रूपमीमांसा. यातला बरोबर कोणता, आणि सरळ "भास" हाच शब्द घेऊन भासशास्त्र म्हटलं तर चालेल का? शिवाय शेवटी एक ओळ जोडली आहे, की आपल्या दर्शनांमध्ये हीच पद्धत आधीपासून आहे असं वर्गात सांगतात ते खरं का.

शेवटच्या ओळीवर नंतर येतो, आधी शब्द. घटनाविज्ञान तर बाद करा ताई. मराठीत घटना म्हणजे एक तर घडलेली गोष्ट नाहीतर राज्यघटना. आमच्या यवतमाळकडे कुठल्याही पोट्ट्याला विचारा "घटनेचा अभ्यास" म्हणजे काय, तो बाबासाहेबांचंच नाव घेईल, आणि त्याचं काही चुकलं नाही. हिंदीतल्या शब्दाची ती नक्कल वाटते मला. रूपमीमांसा कानाला गोड आहे पण रूप म्हटलं की डोळ्यापुरतं राहतं, आणि इथं दाढ ठणकते तेही येतं, जुनं गाणं ऐकताना पुढची ओळ ऐकायच्या आधीच मनात येऊन बसते तेही येतं.

आता भास. इथं गंमत अशी की कुळ पाहाल तर भास हाच सगळ्यात जवळचा शब्द आहे. ग्रीकमध्ये फायनोमेनॉन म्हणजे "दिसत असलेलं, प्रकट होत असलेलं", त्याच्या मुळाशी उजेड आहे, आणि भाषाशास्त्रवाले ते मूळ संस्कृतच्या "भा" धातूशी एकच मानतात. म्हणजे प्रभा, आभा, भास्कर, भास ही सगळी मंडळी फिनॉमेनॉनची भावकी झाली. फोटो हा शब्दसुद्धा त्याच घरचा, ग्रीकमधल्या उजेडाच्या शब्दावरून आलेला. तेव्हा व्युत्पत्तीच्या सातबाऱ्यावर भासाचं नाव आहेच.

पण जमीन कोण कसतं तेही पाहावं लागते न. आज मराठीत "मला भास झाला" म्हटलं की समोरचा काय समजतो? की तिथं काही नव्हतं, तुमचं डोकं फिरलं होतं. भास हा शब्द पूर्ण खोट्याच्या बाजूला कलला आहे आणि हे आजचं नाही. न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला, वेदांतात प्रातिभासिक म्हणजे दोरीवर दिसलेल्या सापाची पातळी, जी व्यावहारिकाच्या, म्हणजे रोजच्या व्यवहारातल्या खरेपणाच्याही खाली. त्यामुळे प्रतिभासशास्त्र म्हटलं की वेदांत वाचलेला माणूस समजणार की हे खोट्या दिसण्याचं शास्त्र आहे. ज्ञानोबांच्या चांगदेव पासष्टीत पहिल्याच ओवीत "जगदाभासु" आला आहे, तिथं मात्र आभासात दाखवण्याचा, प्रकट होण्याचा अर्थ जास्त जिवंत आहे, पण तो अर्थ आपण तेव्हाच मागं ठेवून आलो असं दिसते.

बरं, फिनॉमेनॉलॉजी या नावाचाही सुरुवातीचा अर्थ असाच होता. जर्मनीत लाम्बर्ट नावाच्या गणितज्ञ-तत्त्वज्ञानं १७६४ मध्ये हा शब्द वापरला तो खोट्या दिसण्याच्या सिद्धांतासाठी, म्हणजे ज्यामुळे आपण फसतो ते ओळखायचं कसं. त्याच्या पुस्तकाला भासशास्त्र नाव शोभून दिसलं असतं. मग १८०७ मध्ये हेगेल हा तत्त्वज्ञ आला, त्यानं शब्द वेगळ्याच कामाला जुंपला, आणि १९००-०१ च्या सुमारास एडमुंड हुसर्लनं त्याला आज आपण शिकतो तो अर्थ दिला. ताईंना परीक्षेत हाच लागेल.

हुसर्ल मुळात गणिताचा माणूस, १८५९ चा जन्म, डॉक्टरेटही गणितातली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की वस्तू "खरंच आहे की नाही" हा निकाल बाजूला ठेवा, आणि ती आपल्याला दिसते तेव्हा कशी दिसते, कुठल्या बाजूनं, काय धरून, काय गृहीत धरून, ते नीट पाहून सांगा. या बाजूला ठेवण्याला त्यानं जुन्या ग्रीक संशयवाद्यांचा शब्द घेतला, एपोखे, म्हणजे रोखून धरणं. गणितवाल्याच्या सवयीनं त्यालाच तो कंसात टाकणं असंही म्हणतो. मराठी पुस्तकात "कंसीकरण" असं काही दिसलं तर घाबरू नका, हेच आहे ते.

मी मात्र पोरांना सांगतो की कोर्टाचा स्टे आठवा. धुऱ्याचं, म्हणजे वावराच्या बांधाचं भांडण कोर्टात गेलं, "जैसे थे"चा आदेश आला. कोर्टानं वावर तुमचं म्हटलं का? नाही. त्याचं म्हटलं का? तेही नाही. वावर नाहीसं झालं का? अजिबात नाही, जिथं होतं तिथंच आहे, फक्त निकाल रोखला आहे. आता तलाठी येऊन पंचनामा करतो, कुठं बांध आहे, कुठं बोरीचं झाड आहे, कुठून गाडीवाट जाते. एपोखे म्हणजे तो स्टे आणि फिनॉमेनॉलॉजी म्हणजे तो पंचनामा. फरक एवढाच की इथं स्टे आपणच आपल्यावर आणायचा असतो, आणि तारखा संपत नाहीत (ते तर कोर्टातही संपत नाहीत म्हणा).

आता शब्द कोणता घ्यायचा ते मला खरं तर जागलीवर कळलं. मी आठवी-नववीत असीन, हरभऱ्यात रानडुकरं पडत होती म्हणून काकासोबत रात्री वावरात झोपायला गेलो. पहाटेच्या आधी उठलो तर धुऱ्यावर माणूस उभा. खांद्यावर काही टाकलेलं, हलत नाही, बोलत नाही. माझी बोबडी वळली. "काका, धुऱ्यावर कोन उभं हाये?" काकानं टॉर्च मारला, पोहोचत नव्हता तेवढा, मग आम्ही दोघं जवळ गेलो तर बाभळीचं जळकं खोड आणि त्याच्यावर कोणी तरी वाळत टाकलेलं पोतं. मी म्हटलं, "भास झाला मले." काका म्हणाला, "कायचा भास बे! दिसला तं दिसला. होता नाई, एवढंच."

एमएला हुसर्ल वाचताना मला काकाच आठवला. कारण हुसर्लचा स्वतःचा उदाहरणातला अनुभव जवळपास हाच आहे, मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात एक बाई दिसते, क्षणभर ती बाईच असते, आणि मग कळते की हा पुतळा आहे. आणि आपल्याकडे न्यायवाल्यांचं संशयाचं ठरलेलं उदाहरण तर थेट माझ्या धुऱ्यावरचंच, स्थाणू की पुरुष, खोड की माणूस. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन सांगतो की उंची आणि घेर दोघांचा सारखा, तेवढाच दिसतो, फरक दाखवणारं काही दिसत नाही, म्हणून संशय. दीड हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे आणि अंधारातलं खोड अजून तसंच उभं आहे.

पण इथंच ताईंच्या शेवटच्या ओळीचं उत्तर पण आहे. उदाहरण एक असलं तरी प्रश्न एक नाही. आपली दर्शनं विचारतात की जे चुकीचं दिसलं ते आलं कुठून. नैयायिक म्हणजे न्यायवाले म्हणतात की दुसरीकडे पाहिलेला साप इथं दोरीवर चढवला, अद्वैती म्हणतात की तिथं असा साप तयार होतो ज्याला आहे पण म्हणता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही, आणि प्राभाकर मीमांसक म्हणतात की खोटं ज्ञान असं काही नसतंच, समोरचं दिसणं आणि आठवणीतलं काही यांच्यातला फरक ध्यानात आला नाही एवढंच. (काका प्राभाकर होता हे मी ठामपणे सांगू शकतो.) हा सगळा वाद पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी मांडायचं, ते तोडायचं आणि सिद्धांत ठेवायचा अशा पद्धतीनं चालतो, म्हणजे निकाल लावण्यासाठीच चालतो. हुसर्ल निकालच रोखतो आणि विचारतो की माणूस "माणूस" म्हणून कसा उभा होता, मागून त्याला पाठ असेल, हाक मारली तर वळेल असं सगळं मी न पाहता कसं धरून चाललो होतो, आणि खोड कळल्यावर आधीचं दिसणंही मागं जाऊन कसं बदललं. मला स्वतःला दोन्ही लागतात, पण दोन्ही एकच आहेत म्हणणं म्हणजे नांगरणी आणि वखरणी एकच म्हणणं, दोन्हीत बैल आहेत म्हणून.

आणि पद्धती आपल्याकडेही एकसारख्या कुठं आहेत. इथं रिद्धपूरच्या महानुभावांचंच पाहा, केशिराज बासांनी चक्रधरांचं सूत्र आधी ठेवलं, मग दृष्टांत, मग त्याचं लावून दाखवणं म्हणजे दार्ष्टांतिक. ना खंडन ना पंचनामा, तिसरंच काही. बौद्धांत दिङ्नाग म्हणतो की प्रत्यक्ष म्हणजे कल्पना न लागलेलं, तेव्हा वाटते की हा हुसर्लच्या अगदी शेजारी बसला आहे, पण हुसर्लच्या लेखी माणूस "माणूस" म्हणून दिसतो तो अर्थासकटच दिसतो, अर्थ सोलून काढायचा नाही. हुसर्लनं स्वतः १९२५ मध्ये बुद्धाच्या प्रवचनांच्या जर्मन भाषांतराबद्दल एक छोटं कौतुकाचं टिपण लिहिलं होतं, तेवढं सांगून वर्गात "बघा, त्यानंही मान्य केलं" म्हणणं मात्र जास्त होते.

परत शब्दाकडे. काकाचं वाक्य व्याकरणात घाला. मी पाहतो, पण मला दिसतं. पाहण्यात मी कर्ता आहे, दिसण्यात कर्ता समोरची वस्तू आणि मी चतुर्थीत, मला, आमच्याकडे मले. आठवलं, सुचलं, वाटलं, उमगलं, भूक लागली, सगळीकडे मीच चतुर्थीत. आणि जुन्या व्याकरणात चतुर्थीचा कारक कोणता, संप्रदान, म्हणजे ज्याला दिलं जातं तो. हुसर्लचा आवडता शब्द आहे "दिलेलं असणं", वस्तू जाणिवेला दिलेली असते. जर्मन लोकांना हे समजावून सांगायला पानंच्या पानं लागली आणि आमच्या बायका रोज पाण्यावर "मले दिसलं" म्हणत ते बोलतात.

तुम्ही म्हणाल दिसणं पण खोटं असतंच की, दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. हो, पण म्हणीत खोटेपणा "नसतं"मध्ये आहे, "दिसतं"मध्ये नाही. १९२७ मध्ये हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञानं हेच फार बारकाईनं सोडवलं आणि ते मला कापसावर कळलं. गुलाबी बोंडअळी पडली की फुल उमलत नाही, पाकळ्या चिकटून गुलाबासारखी गुंडाळी होते, आपण डोमकळी म्हणतो. डोमकळी दिसते. अळी दिसत नाही, ती आत असते, डोमकळीतून फक्त तिची खबर लागते. आणि लांबून एखाद्याला ती डोमकळी चांगलं टवटवीत फूल वाटते. तर स्वतः दिसते ती डोमकळी हे फिनॉमेनॉन, न दिसता दुसऱ्यातून खबर देते ती अळी, आणि फुलासारखं वाटणं हा भास. खबर असो का भास, आधी काही तरी दिसल्याशिवाय दोन्ही होत नाहीत, हा हायडेगरचा मुद्दा. त्याचं स्वतःचं उदाहरण आजाराच्या लक्षणांचं आहे, ते परीक्षेत लिहा, डोमकळी लिहाल तर तपासणारा नागपूर-पुण्याचा असला की गडबडेल.

मग नाव काय? दिसणंशास्त्र तर म्हणवत नाही. प्रचीती घेतली तर ती उलट बाजूला कलते, देवीची प्रचीती आली म्हणजे पटलंच, समर्थांची शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती, आत्मप्रचीती ही तर खरेपणाची तिहेरी खात्रीच आहे. भास खोट्याकडे, प्रचीती खऱ्याकडे, आणि आपल्याला हवा स्टे लागलेला शब्द. माझ्या मते प्रतीती बरी. प्रति म्हणजे कडे आणि मूळ धातू जाण्या-येण्याचा, म्हणजे आपल्याकडे येणारं, आणि ती डोळ्यापुरती नाही. तेव्हा पेपरमध्ये प्रतीतिमीमांसा लिहा, पहिल्या वेळी शेजारी फिनॉमेनॉलॉजी देवनागरीत लिहा म्हणजे तपासणारा चुकणार नाही, आणि समजावून सांगताना क्रियापद दिसणं हेच वापरा. त्यातही आपलं "दिसून रायलं" जमलं तर उत्तमच, कारण ग्रीक शब्दही चालू काळातलाच आहे, दिसलेलं नाही, दिसत असलेलं. व्हायव्हात "दिसून रायलं" म्हणायची हिंमत करायची की नाही ते तुमच्या सरांचा चेहरा पाहून ठरवा.

आणि हो, एकटी प्रतीती लिहाल तर ती दीर्घ, समासात प्रतीतिमीमांसा लिहाल तर ति ऱ्हस्व.