पॅकेज नको, एकेक करून घ्या

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नुकतेच कोलशेत रोडला नवीन फ्लॅटमध्ये आलोय. हॉलची एक भिंत पूर्ण रिकामी आहे आणि मला हाताने रंगवलेल्या जुन्या वस्तू खूप आवडतात. इंटिरियरवाला म्हणतो अँटिक वॉलचं पॅकेज देतो, काचेवरची चित्रं, प्लेट्स, सगळं आठवड्यात लावून मिळेल. मिस्टर म्हणतात तेवढ्यात एसी येईल आणि सासूबाई म्हणतात लोकांचं भंगार घरात कशाला. काय करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एसी घ्या, पॅकेज नको! आठवड्यात भिंत भरून देणारा बहुतेक जुन्यासारखं दिसणारं आणणार, आणि तुमच्याच कॉम्प्लेक्समध्ये आणखी चार घरांत तोच मोर लागलेला असणार. खरी मजा एकेक वस्तू घेण्यात आहे. एक प्लेट आणली, रोज चहा पिताना बघितली, की हळूहळू दिसायला लागतं की कडेची वेल इथे जाड झालीय, तिथे बारीक, या पोपटाची शेपटी त्या पोपटापेक्षा लांब आहे, म्हणजे कोणीतरी बसून ब्रशने काढलंय. मग पुढच्या वेळी दुकानात नजर आपोआप तिथेच जाते. ही नजर पॅकेजमध्ये मिळत नाही हो.

पर्समध्ये सोनारासारखं एक छोटं भिंग ठेवा. छापील डिझाइन असेल तर भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात, हाताचं असेल तर ब्रशचे फटकारे. राजा रविवर्म्याच्या प्रेसची जुनी देवदेवतांची चित्रं (प्रेस 1894 मध्ये मुंबईत निघाला, नंतर मळवलीला गेला) सुंदरच असतात पण ती छापलेली आहेत. काहींवर कोणीतरी नंतर हौसेने जरी-टिकल्या लावलेल्या असतात, त्या मात्र हातच्या. आवडलं तर जरूर घ्या, फक्त हाताने रंगवलेलं म्हणून जास्त पैसे मोजू नका.

काचेवरचं चित्र तर माझं लाडकं, कारण ते उलटं रंगवतात. काचेच्या मागून, डोळे-दागिने-बारीक नक्षी आधी आणि बॅकग्राउंड सगळ्यात शेवटी, म्हणजे डोळा चुकला तर वरून दुरुस्त करायची सोयच नाही. घेताना मागची बाजू दाखवा म्हणा, रंगाच्या खपल्या सुटत असतील तर राहू द्या. आणि घरी आणल्यावर मागून कधीच पुसायचं नाही, समोरून कोरडं मऊ फडकं, स्प्रे नको, तो फ्रेमच्या कडेने आत जातो. आपल्याकडचा पावसाळा माहितीये ना, बाहेरची भिंत ओल धरते, त्यामुळे आतल्या भिंतीवर लावा.

कुठे मिळेल? चोरबाजाराची मटन स्ट्रीट आहेच, ठाण्याहून सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जाता येतं, पण शुक्रवारी दुकानं बंद असतात. त्याआधी नातेवाइकांकडे विचारा. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला जातायत आणि लोक माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याला देऊन मोकळे होतायत. सासूबाईंना घेऊन जा सोबत, ओळखीतल्या घरची वस्तू निघाली की ते "लोकांचं भंगार" राहत नाही, बघा!

आणि सगळं जुनंच पाहिजे असं थोडीच आहे? सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही कारागीर बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवतात, दशावतारी संचात 120 गोल पानं असतात, अख्खा संच नाही तर दोन-चार पानं फ्रेम करून लावली तरी छान दिसतात.

प्रश्न : आजेसासूबाईंचं काचेवरचं चित्र आमच्याकडे आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनं असावं. दीर अमेरिकेत असतात, ते यावेळी बॅगेत घालून नेतो म्हणतायत. चालेल का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही चालणार. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं चित्र पुरावस्तू धरलं जातं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग घरचं का असेना. वयाची शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावस्तू नाही असं सर्टिफिकेट मिळतं का बघा, आणि ते हातात आल्याशिवाय पॅकिंग करू नका. नाहीतर चांगला फोटो मोठा प्रिंट करून द्या दिरांना, चित्र नेरुळलाच राहू दे.