‘घरचीच’ म्हणतात, पण सुट्टी देत नाहीत

‘मावशी, मी पेणजवळच्या गावची. तीन वर्षांपासून इस्रायलमध्ये अश्दोदला एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू आजींकडे राहून मेटापेलेतचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसाची सेवा करायचं काम करते. आजी रेवदंड्याच्या. स्मृतिभ्रंशामुळे हिब्रू विसरल्यात, आता मराठीच बोलतात. म्हणूनच मला ठेवलं. रात्रभर झोपत नाहीत, झोपू देत नाहीत. “तू घरचीच” म्हणत म्हणत शनिवारची सुट्टी गेली. एजंटचं कर्ज अजून आहे, मुलगी दहावीला. नवरा म्हणतो, मराठी तर बोलायचंय, काम काय अवघड! परवा रात्री मी आजींचा हात झटकला. तेव्हापासून स्वतःचीच किळस येते. काय करू?’

बाळा, हात झटकलास ते चूकच. पण तू वाईट आहेस म्हणून ते झालं नाही, महिनोन्‌महिने सलग झोप नाही म्हणून झालं. पुन्हा तसा संताप आला, तर आजींना खुर्चीत नीट बसव आणि दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. दार उघडं ठेव, कान तिकडे ठेव, पण जा.

पत्रात पुढे तू लिहिलंयस, की रात्री दोनला आजी साड्यांचं बोचकं बांधतात आणि ‘रेवसची लाँच सुटेल, चल’ म्हणून तुझा दंड धरतात. तू त्यांना ‘आजी, आपण इस्रायलमध्ये आहोत’ असं समजावत बसतेस. नको समजावूस. ‘लाँच उशिरा आहे, तोवर चहा घेऊ’ म्हण. त्या क्षणी त्या धक्क्यावरच उभ्या आहेत, तिथून ओढून आणायला गेलीस की त्या घाबरतात आणि घाबरल्या की मारतात. दिवेलागणीलाच घरातले सगळे दिवे लावून टाक, अंधारून आलं की हा घोर वाढतो. आणि हे जागरण अलीकडे एकदम वाढलं असेल तर कुपात खोलिमच्या, म्हणजे तिथल्या आरोग्य विमा संस्थेच्या डॉक्टरांना लघवी तपासायला सांग. म्हातारपणी लघवीच्या संसर्गात ताप न येता आधी डोकंच भ्रमतं.

आता त्या ‘घरची’बद्दल. आजींच्या मुलाला तू देवमाणूस म्हणतेस. असेल. पण घरच्या माणसाला सणाला नवी साडी मिळते तशी कधीमधी झोपही मिळायला हवी ना? घरात राहून सेवा करणाऱ्या परदेशी कामगाराला तिथे आठवड्यातून सलग किमान 25 तास सुट्टी हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. आणि कुणाला सांगायचंय हे? ज्यांचे पूर्वज कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात, त्यांना! शनिवारी या घरात गॅस पेटत नाही, पण तू मात्र उभी. मला तर हसावं की रडावं कळेना.

शुक्रवारी मुलगा जेवायला येतो, तेव्हा बोल. आजी झोपल्यावर, मराठीतच. रडू नकोस, तक्रारही नको. ‘भाऊ, शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र मी बाहेर राहणार. पुढच्या आठवड्यापासून. तुम्ही थांबा नाहीतर बदली बाई बघा.’ एवढंच, आणि मग गप्प बस. ते ‘आई तुझ्याशिवाय राहत नाही’ म्हणतील. खरंही असेल. तरी उत्तर बदलू नकोस. त्याने टाळलं तर ज्या लिश्काने, म्हणजे तिथल्या एजन्सीने, तुला कामाला लावलं तिथल्या सोशल वर्करला घरी बोलव, घरभेटी घेणं त्यांचं कामच आहे. तिथेही दाद लागली नाही तर तेल अवीवमध्ये ‘काव लाओवेद’ ही कामगारांची संस्था आहे. घर बदलायची वेळ आलीच तर आधी त्यांना विचार, व्हिसाचे नियम किचकट आहेत. रागाच्या भरात बॅग उचलू नकोस.

रात्रीच्या जागरणाचा ओव्हरटाइम मात्र मागायला जाऊ नकोस. राहत्या मेटापेलेतना तो कायदा लागू नाही असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ठरवलं आणि 2013 मध्ये तेच कायम ठेवलं. मला हा निकाल मुळीच पटत नाही, पण तुझी ताकद आत्ता तिथे खर्च व्हायला नको. सुट्टी मागून घे, आणि आठवड्यातल्या एकदोन रात्री दुसऱ्या कुणी जागाव्यात एवढं मागून घे.

नवऱ्याला दिवसा, हसऱ्या तोंडाने व्हिडिओ कॉल करतेस ना? एकदा रात्री अडीचला लाव. फोन टेबलावर उभा करून ठेव आणि आपलं काम करत राहा. काही बोलायची गरज पडणार नाही. मुलीला मात्र यातलं काही नको, तिची परीक्षा होऊ दे.

आणि पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंयस, ‘पासपोर्ट भाऊंच्या कपाटात सुरक्षित आहे’. तो याच शुक्रवारी मागून घे. सुट्टीचं बोलण्याच्या आधी. दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवणं इस्रायलमध्ये गुन्हा आहे, आणि देवमाणसाला तो परत द्यायला अडचण नसावी.

— मावशी