"मॅडम, मला काहीच येत नाही": चार कॅम्पस मुलाखतींत अडलेली विद्यार्थिनी

रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी जानेवारीत कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये आली. ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील इथे बदलले आहेत. हातात फाइल, फाइलीत दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि दोन पानी बायोडेटा. बसल्या बसल्या म्हणाली, "चार कंपन्या येऊन गेल्या, मॅडम. चारही ठिकाणी गेले. मला काहीच येत नाही. मराठी मीडियमची आहे ना, इंग्लिश जमत नाही."

जानेवारी ते मार्च हे वाक्य सेलमध्ये जवळजवळ रोज ऐकू येतं. पालकही तेच विचारतात: पोरगी हुशार आहे, मार्क चांगले आहेत, मग नोकरी का लागत नाही? अशा वेळी "आत्मविश्वास वाढव" असं सांगून मुलांना परत पाठवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. आत्मविश्वास सांगून येत नाही. आधी नक्की कुठे अडतंय ते शोधावं लागतं.

म्हणून तिला पहिला प्रश्न विचारला: चार ठिकाणी तू कोणकोणत्या टप्प्यावर बाहेर पडलीस? तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. कागदावर मांडल्यावर दिसलं की दोनदा ॲप्टिट्यूडच्या, म्हणजे गणित-तर्काच्या लेखी परीक्षेत, एकदा गटचर्चेत आणि एकदा तांत्रिक मुलाखतीत ती अडली होती. म्हणजे चारपैकी दोन ठिकाणी ती कुणाशी इंग्रजीत बोलण्याच्या आधीच बाहेर पडली होती. धसका मात्र चारही वेळचा इंग्रजीचाच घेतला होता.

ॲप्टिट्यूडचा इलाज तसा सरळ आहे. तिच्याकडून ३० प्रश्नांचा एक सराव पेपर ३० मिनिटं लावून सोडवून घेतला. तिने ११ प्रश्न सोडवले, त्यातले १० बरोबर. गणित कच्चं नव्हतं, सोडून पुढे जायची सवय नव्हती. तिसऱ्याच प्रश्नावर तिची सात मिनिटं गेली होती. पेपर दोन फेऱ्यांत सोडवायचा असं ठरलं. पहिल्या फेरीत जो प्रश्न ४० सेकंदांत उलगडत नाही त्यावर खूण करून पुढे जायचं, दुसऱ्या फेरीत खुणा केलेले बघायचे. चुकीला गुण कापतात की नाही, हे सूचनांच्या पानावर आधी वाचायचं. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग एवढेच धडे, रोज २५ मिनिटं, घड्याळ लावून, सहा आठवडे. घड्याळ न लावता केलेल्या सरावाचा या परीक्षेत फारसा उपयोग होत नाही.

तांत्रिक मुलाखतीत तिला विचारलं होतं, "०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड कसं बनवशील?" ती नॉर्मॅलिटीची, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजण्याच्या मापाची व्याख्या सांगू लागली, मधेच शब्द विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आणि थांबली. हे द्रावण तिने प्रॅक्टिकलला अनेकदा बनवलेलं होतं. प्रश्न कृतीचा होता, उत्तर पाठांतराचं गेलं.

तिला सांगितलं, डोळे मीट आणि हात काय करतात ते मराठीत सांग. मग सगळं आलं. चार ग्रॅम गोळ्या तोलायच्या. उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एक लिटरपर्यंत न्यायचं. "पण मॅडम, ते चार ग्रॅम खरे नसतात. गोळ्या हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात." इथेच पुढचा प्रश्न होता: मग खरी तीव्रता कशी कळते? वाळवलेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट (याचं वजन भरवशाचं असतं) साधारण अर्धा ग्रॅम तोलायचं, पाण्यात विरघळवायचं, रंग बदलून दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे आणि फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या नळीतून, आपलं सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं. अर्ध्या ग्रॅमला रीडिंग साडेचोवीस मिलीच्या आसपास यायला हवं. ३० आलं तर काहीतरी चुकलंय आणि ते शोधायचं. शेवटी प्लास्टिकच्या बाटलीत भरून लेबल लावायचं: नाव, तीव्रता, तारीख, सही.

औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागाला नवख्या मुलाकडून नेमकं हेच ऐकायचं असतं. व्याख्या पुस्तकात मिळते. आकडा विचित्र आला तर हा मुलगा थांबेल का, की तसाच लिहून मोकळा होईल, हे त्यांना बघायचं असतं. तिच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमधले असे दहा प्रयोग निवडले आणि प्रत्येकासाठी एक कार्ड केलं: काय केलं, का केलं, काय चुकू शकतं, चुकलं तर कसं कळतं. कार्डावर वाक्यं लिहायची नाहीत, शब्द लिहायचे. वाक्यं लिहिली की ती तोंडपाठ होतात आणि एक शब्द निसटला की गाडी पुन्हा अडते.

मग बायोडेटा. वर करिअर ऑब्जेक्टिव्ह म्हणून नेटवरून उचललेला परिच्छेद, खाली हार्डवर्किंग, टीम प्लेयर, क्विक लर्नर, त्याखाली वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटी डिक्लेरेशन. यातल्या एकाही ओळीवरून ही मुलगी दुसऱ्या मुलीपासून वेगळी ओळखू येत नव्हती. तिला विचारलं, कॉलेजबाहेर तू काय करतेस? "काही नाही, घरचंच." घरचं म्हणजे काय? "आईच्या बचत गटाचं रजिस्टर लिहिते."

पुढच्या वेळी ती ते रजिस्टर घेऊन आली. अकरा सदस्य, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत, अंतर्गत कर्जं, परतफेड, व्याज, हातातली रोख शिल्लक. अकरावीपासून सगळं तिच्याच अक्षरात. एका पानावर १,२०० च्या जागी चुकून २,१०० हा आकडा पडला होता. त्यावर एकच सरळ रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि अध्यक्षांची सही. गटाच्या ताईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं की खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही.

औषध कंपन्यांत नव्या माणसाला नोंदी कशा ठेवायच्या याचं जे प्रशिक्षण देतात, त्यातला एक मुख्य नियम हाच आहे. चुकीवर एक रेघ, मूळ नोंद दिसली पाहिजे, बाजूला दुरुस्ती, सही, तारीख, गरज असेल तिथे कारण. नोंद काम करतानाच करायची, चिठ्ठीवर लिहून नंतर उतरवायची नाही. तपासणीला येणारे अधिकारी कागद बघतात आणि कागदावर संशय आला तर मालावर येतो. ही मुलगी चार वर्षं हे करत होती आणि बायोडेटात त्यातली एक ओळही नव्हती.

हार्डवर्किंगच्या जागी ओळ आली: ११ सदस्यांच्या बचत गटाच्या बचत, कर्ज आणि रोख शिल्लकेच्या नोंदी चार वर्षं ठेवल्या, दर महिन्याला शिल्लक जुळवली. एन.एस.एस.च्या सात दिवसांच्या शिबिराखाली फक्त "सहभाग" होता. तिथे तिने रोज ५० जणांच्या जेवणाचं सामान मोजून दिलं होतं, तेही लिहिलं. वैवाहिक स्थिती काढली, डिक्लेरेशन काढलं, सगळं एका पानात आलं. जे लिहिलंय त्यातल्या प्रत्येक ओळीवर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे, नाहीतर ती ओळ काढायची, एवढा एकच नियम. एचपीएलसी हे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र तिने फक्त व्हिडिओत पाहिलं होतं, तरी मैत्रिणीचं बघून कौशल्यांत लिहिलं होतं. ते खोडलं. मुलाखतीत तिथे पहिला प्रश्न कॉलम (यंत्रातली घटक वेगळे करणारी नळी) कुठला वापरलास असा येतो आणि खोटं एकदा उघडं पडलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

इंग्रजीची अडचण खरी होती, फक्त ती सांगत होती तेवढी आणि तशी नव्हती. एमआयडीसीतल्या कारखान्यांत बोलणं बरंचसं हिंदी-मराठीत चालतं. पण कामाच्या लेखी पद्धती, बॅचचे कागद, लॉगबुक इंग्रजीत असतात. तेव्हा भाषणबाजीपेक्षा वाचन आणि नोंद-लेखन आधी. रोज कामाच्या पद्धतीचं एक पान मोठ्याने वाचायचं आणि त्या दिवशीच्या प्रॅक्टिकलची पाच ओळींची नोंद इंग्रजीत लिहायची, भूतकाळात, छोट्या वाक्यांत. मुलाखतीत अडलंच तर "हा भाग हिंदीत सांगू का?" असं विचारायला तिला शिकवलं. गप्प बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

गटचर्चेत ती बारा मिनिटांत एकदाही बोलली नव्हती. दर शुक्रवारी आठ जणांचा गट बसवला आणि तिला लक्ष्य दिलं, दोनदा बोलायचं, त्यातलं पहिलं वाक्य पहिल्या चार मिनिटांत. उशीर झाला की आपला मुद्दा दुसराच कुणी मांडून जातो.

मॉक, म्हणजे सरावाची मुलाखत घ्यायला क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी करणारा माजी विद्यार्थी आला. वीस मिनिटं, मोबाइलवर रेकॉर्डिंग, नंतर लेखी शेरे. पहिल्या खेपेला तिने प्रत्येक उत्तराआधी "सॉरी सर" म्हटलं. रेकॉर्डिंग बघून तिने स्वतःच मोजलं, चौदा वेळा. तिसऱ्या खेपेला दोनदा.

फेब्रुवारीत आलेल्या पाचव्या कंपनीत ती लेखीत आणि गटचर्चेत पास झाली, मुलाखतीत राहिली. त्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी मात्र विचारलेले सात प्रश्न आठवून लिहून आली आणि त्यातल्या दोन प्रश्नांची कार्डं करून घेतली.

दरम्यान तिला दुसरी वाटही दाखवून ठेवली होती. केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत, म्हणजे नॅट्समध्ये, पदवीधर नोंदणी करू शकतात. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं. वर्षभराचा अनुभव आणि प्रमाणपत्र मिळतं, कायम नोकरीची हमी नसते. हे मुलांना आधीच स्वच्छ सांगावं. आणि नोंदणीसाठी, ऑफर लेटरसाठी किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर एक रुपया न देता आधी सेलमध्ये यावं.

मार्चमध्ये सहाव्या कंपनीकडून होकार आला, ट्रेनी म्हणून, वर्षाला २ लाख ४० हजारांचं पॅकेज. नवी अडचण घरी उभी राहिली. वडील म्हणाले, "महिन्याला वीस हजार मिळतात म्हणे, पण एवढ्या लांब पोरीला कशाला धाडायची?" त्यांना सेलमध्ये बोलावलं आणि आधी वीस हजारांचाच हिशेब केला. मूळ पगार १०,००० धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,२००, ग्रॅच्युइटीचे सुमारे ४८०, ईएसआयचे (कामगार विम्याचे) साडेपाचशेच्या पुढे, हे सगळं पॅकेजमध्येच मोजलेलं असतं. उरतात साधारण १७,७००. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ १,२०० आणि ईएसआय सव्वाशे-दीडशे जातो. हातात येतात सुमारे १६,४००. महाराष्ट्रात बाईमाणसाला २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, तेवढी बचत. खोलीभाडं आणि मेस वजा केली की काय उरतं, ते वडिलांनी स्वतः कागदावर काढलं.

मग त्यांनी खरी काळजी बोलून दाखवली: रात्रपाळी आहे का, बस दारापर्यंत सोडते का, सोबत गावाकडची कुणी मुलगी आहे का. तिने तिथेच वहीत पाच प्रश्न लिहिले. पाळ्यांच्या वेळा, रात्रपाळी असल्यास ने-आण, बसचा शेवटचा थांबा, ट्रेनी म्हणून किती महिने, आणि मधे सोडल्यास बॉण्डची रक्कम आहे का. फोन सेलमधूनच लावला. एचआरशी ती स्वतः बोलली, निम्मं इंग्रजीत, निम्मं हिंदीत. वडील समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होते. बॉण्डचं उत्तर गोलमोल आलं तेव्हा ती म्हणाली, "सर, ये मेल पे मिल सकता है क्या?"