बोल्ट सारखे ढिले का होतात?

प्रश्न : आमच्या कारखान्यातला पिस्टनचा एअर कॉम्प्रेसर हादरतो. फौंडेशन बोल्ट दर आठवड्याला आवळावे लागतात. बेसप्लेटखाली (मशीनच्या तळाच्या प्लेटखाली) सिमेंट-वाळूचा माल भरलाय. काय करावं? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पाना खाली ठेवा. बेसप्लेटवर हातोडीनं हलके ठोकून बघा. पोकळ आवाज आला, तर खाली आधारच नाही. साधा माल वाळताना आकसतो, प्लेटपासून सुटतो आणि मशीन नुसत्या शिमांवर, म्हणजे लेव्हलसाठी खाली सरकवलेल्या पातळ पट्ट्यांवर, नाचतं.

मशीन उचला, जुना माल काढा. काँक्रीटला टाचे मारून खडी उघडी करा. तेल मुरलेला भाग पूर्ण तोडा, तेलावर काहीही धरत नाही. (डिझेलनं पुसून ‘साफ’ करणारे फिटर आहेत, त्यांना लांब ठेवा.) हादऱ्यासाठी मी इपॉक्सी ग्राउटच (प्लेटखालची फट भरायचा रेझिनचा माल) सांगेन. महाग आहे, आणि त्याला काँक्रीट कोरडं लागतं. सिमेंटचा नॉन-श्रिंक (न आकसणारा) ग्राउट वापरलात, तर मात्र काँक्रीट आदल्या दिवसापासून भिजवा, साचलेलं पाणी टिपा.

लेव्हल जॅकिंग बोल्टवर (प्लेट वर-खाली करायच्या बोल्टवर) घ्या, त्यांना ग्रीस लावा, म्हणजे ते ग्राउटमध्ये अडकत नाहीत. ग्राउट एकाच बाजूनं ओता, म्हणजे हवा समोरून निघते. तो पक्का झाल्यावर जॅकिंग बोल्ट मोकळे करा, मगच फौंडेशन बोल्ट टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळा.